पहिल्या रांगेचा मानकरी

१ जानेवारी २००६, रविवार. दुपार

संकल्प एकच. यंदा रेसर व्हायचं.

इतरांचे संकल्प वजन आणि वॉकिंगच्या पुढे जात नाहीत. माझं तसं नाही. डिसेंबरात इथला, स्लोटरडाइकच्या डच ऑफिसातला प्रोजेक्ट संपला. माझ्याच टीममधल्या श्रीहर्षला लगेच दुसरीकडे घेतलं. मला कंपनीने बेंचवर ठेवलंय, म्हणजे पगार चालू, काम नाही. श्रीहर्ष म्हणाला, वाईट झालं. त्याला कळत नाही. ज्याला राखून ठेवायचं असतं त्यालाच बेंचवर ठेवतात.

सुपरमार्केटच्या नोटिस बोर्डावर पोस्टर पाहिलं. उत्तरेला एका खेड्यात स्टॉक कार रेसिंग चालतं. साधीच जुनी गाडी, काचा काढलेल्या, मातीचा गोल ट्रॅक. पुढच्याला ढकललं तरी चालतं, नियमातच आहे म्हणे. मी पुण्याचा. यात मला नवीन काय शिकायचंय?

बायकोला, उल्काला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, हं. उल्काच्या हं-चे बरेच अर्थ होतात. मी पहिला घेतला.

८ जानेवारी, रविवार

मोठ्या माणसांच्या पूर्वायुष्याबद्दल पुढे फार घोळ होतात. म्हणून माझ्यापुरतं लिहून ठेवतो.

वय वर्षं चार : तीनचाकी. कॉलनीच्या उतारावरून थेट शोभाकाकूंच्या तुळशीत. वेगाची ओढ तेव्हापासूनची. (ब्रेक नव्हता हा मुद्दा वेगळा.)

शाळा : दहा वर्षं पहिल्या बाकावर. चष्म्याचा नंबर हे निमित्त. मुळात पुढे राहायचा स्वभाव.

कॉलेज : लूना.

लायसन्स : एजंटतर्फे. आरटीओतल्या साहेबांनी गाडी चालू करायला सांगितली. केली. पास. इथे आल्यावर परदेशी तज्ज्ञांच्या स्कीममध्ये गेमेंटने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, ते लायसन्स सरळ बदलून डच दिलं. टेस्ट नाही, काही नाही. डच सरकार उगाच कोणाला मानत नाही.

उल्काकडे लायसन्सच नव्हतं. ती गेलं वर्षभर क्लास लावून शिकतेय. दोनदा नापास. मी तिला समजावलं की काही गोष्टी उपजत असतात.

१८ फेब्रुवारी, शनिवार

ट्रॅक चालवणाऱ्या वीबेला भेटलो. भंगार गाड्यांचं आवार आहे त्याचं. सहा फुटाच्या वर, हात रोडरोलरसारखे, बोलणं कमी. मी रेसिंगबद्दलची माझी मतं सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि कॉफी दिली. मग एक गाडी दाखवली. दारं वेल्डिंग करून बंद, आत शिरायचं ते खिडकीतून.

खिडकीत थोडा अडकलो. वीबेने मागून लोटलं.

उद्यापासून भात बंद.

१९ फेब्रुवारी, रविवार

बिरड्या होत्या. भाताशिवाय बिरड्या म्हणजे त्या वालांचा अपमान. उद्यापासून नक्की.

२५ मार्च, शनिवार

गाडी तयार. पूजा केली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, डॅशबोर्डवर गणपती चिकटवला. वीबेने लिंबांबद्दल विचारलं. मी परंपरा सांगितली. त्याने मान हलवली आणि चिरडलेली लिंबं उचलून कचऱ्यात टाकली. वेगळ्या डब्यात. इथे ओला-सुका पाळतात.

गाडीला हॉर्न नाही! वीबेला म्हटलं, अहो, हॉर्न नाही तर पुढच्याने बाजूला व्हायचं कसं? तो म्हणाला, बंपर आहे ना. विनोदी माणूस आहे.

उल्का लायसन्सची लेखी परीक्षा पास झाली. तिचं थिअरीचं पुस्तक चाळलं. एकच पान वाचलं, पण नीट वाचलं : उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. बाकी कॉमन सेन्स.

१७ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

पहिली रेस!!

एकेक नोंदवून ठेवतो. सकाळी तपासनीसाने गणपती काढायला लावला. गाडीत सुटी वस्तू चालत नाही म्हणे. सुटी वस्तू! बाप्पाला! पण माणूस सज्जन, त्याने मूर्ती स्वतःच्या टेबलावर ठेवली.

वीबेने माझ्या गाडीचं छप्पर पांढरं रंगवलं आणि मला उभं केलं कुठे? पहिल्या रांगेत. पहिल्याच रेसला! माझ्या मागे पिवळ्या छपरांचे, त्यांच्या मागे निळे, आणि पार शेवटी लाल छपरांचे. लालवाले सगळे वयस्कर, टक्कल पडलेले. त्यांचं वाईट वाटलं. इतकी वर्षं खेळून शेवटची रांग.

आमची ईशानी वीबेच्या बायकोशेजारी बसली होती. नऊ वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये. छपरांबद्दल मला काहीतरी सांगत होती. मला त्यातलं 'फोरआन' एवढं कळलं, म्हणजे पुढे. मी म्हटलं, हो बेटा, बाबा पुढे.

रेस. हिरवा झेंडा पडला, मी सुटलो. पहिल्या वळणापर्यंत मी आघाडीवर! मग उजवीकडून एक पिवळा आला. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. दिलं. मग अजून एक आला, त्यालाही दिलं. मग बाकीचे सगळे उजवीकडूनच आले.

रेस संपल्यावर वीबेने विचारलं, थांबलास का? मी नियम सांगितला. तो बराच वेळ आपल्या बुटांकडे बघत होता. भारावला असावा.

पुण्याला फोन करून आईला सांगितलं, पहिली रांग. आई म्हणाली, पेढे वाटते.

१४ मे, रविवार

बायकांच्या रेसमध्ये एक गाडी कमी पडत होती. वीबेने विचारलं, तुझी बायको चालवेल का? गेल्याच आठवड्यात ती प्रॅक्टिकल पास झाली होती. मी परवानगी दिली. म्हणजे मी हो म्हणेपर्यंत ती खिडकीतून आत शिरली होती.

तिसरी आली. माझ्या गाडीत! गाडी किती मुरली आहे माझ्या हाताखाली ते कळलं.

घरी येताना तिला चार टिप्स दिल्या. ती खिडकीबाहेर बघत हसत होती. खूप दिवसांनी हसताना पाहिली. बेंचवर गेल्यापासून घरात हसणं थोडं कमी झालंय. माझं नाही. माझं नॉर्मल आहे.

११ जून, रविवार

वीबेने उल्काला एक गाडी दिली. आजपासून ती आमच्या मिक्स्ड रेसमध्ये. पांढरं छप्पर, माझ्या शेजारीच, पहिल्या रांगेत. सत्यनारायणाला बसल्यासारखे दोघं. मी खिडकीच्या जाळीतून तिला अंगठा दाखवला. तिने हेल्मेट घट्ट केलं.

ती सातवी. माझा रेडिएटर.

९ जुलै, रविवार

उल्काला मागे ढकललं. छप्पर पिवळं करून माझ्या मागच्या रांगेत उभं केलं. मला धक्काच बसला. मी वीबेला विचारणार होतो, पण उल्काने हात धरून थांबवलं. मानी आहे. घरी गेल्यावर मी तिची समजूत काढली, होतं असं कधीकधी, मनाला लावून घेऊ नकोस. ती म्हणाली, हं. यातला अर्थ लागला नाही.

रेसमध्ये मात्र बघण्यासारखं झालं. ती मागून आली आणि माझ्या बंपरला हलकाच धक्का दिला. गाडी थोडी गवतात गेली. पण भावना पोचली. एवढ्या गर्दीत नवऱ्याला पाठिंबा देणं सगळ्यांना जमत नाही.

तिला रॉटरडॅमच्या एका शिपिंग कंपनीत टेस्टिंगची नोकरी लागली. कंपनी तिचं स्वतंत्र परमिट काढणार आहे. चांगलं आहे. तिला विरंगुळा हवाच होता.

१३ ऑगस्ट, रविवार

उल्का निळी. अजून मागे. पुन्हा मला मागून धक्का. या वेळी पाठिंबा जरा जोरात. मान दुखतेय. मलम लावून पडलोय.

श्रीहर्षने ईमेलवर कुठलीतरी लिंक पाठवली, छपरांच्या रंगांबद्दल. उघडली नाही. इंटरनेटवर काय, कोणीही काहीही लिहितं.

२७ ऑगस्ट, रविवार. गणेश चतुर्थी

लिहिणार नव्हतो.

आम्स्टलफेनच्या हॉलमध्ये मंडळाचा गणपती. आरतीनंतर अध्यक्ष मधूकाकांनी मला स्टेजवर बोलावलं आणि सांगितलं, आपला हेमचंद्र इथल्या कार रेसिंगमध्ये कायम पहिल्या रांगेत असतो. टाळ्या. मी नम्रपणे हात जोडले. मग काकांनी कौतुकाने ईशानीसमोर माइक धरला आणि विचारलं, बाबांबद्दल काय वाटतं?

ईशानीने खरं ते सांगितलं. इंग्लिशमध्ये, सगळ्यांना कळेल असं. ज्यांना गाडी येत नाही त्यांना पांढरं छप्पर देतात. त्यांना पुढे उभं करतात, म्हणजे त्यांना थोडा चान्स मिळतो. जसजसं येतं तसतसं मागे जातात. आई आता निळी आहे, लवकरच लाल होईल. बाबा सगळ्यात पुढे असतात.

हॉल हसला. वाईट हेतूने नाही. कोणीतरी टाळ्या पण वाजवल्या, उल्कासाठी.

मला आधीच माहीत होतं. म्हणजे तसं माहीत नव्हतं, पण शंका होती. म्हणजे लिंक मी उघडली होती.

२८ ऑगस्ट, सोमवार

संकल्प. पिवळं छप्पर. बस. लाल नको, निळं नको. या सीझनमध्ये एक पिवळं.

वीबेला फोन करून विचारलं. पहिल्या दहात एकदा जरी आलास तरी पिवळं देतो, म्हणाला. एकदा! आतापर्यंत माझा सर्वोत्तम नंबर चौदावा. (चौदा गाड्या होत्या.)

भात बंद. या वेळी खरंच.

१० सप्टेंबर, रविवार

रेस हुकली. बोर्डावर लिहिलं होतं 'हाल्फ द्री'. मी साडेतीनला पोचलो. हे लोक अडीचला अर्धे तीन म्हणतात. ही काय पद्धत? आपल्याकडे अडीच म्हणजे अडीच. उल्का ईशानीला घेऊन सकाळीच गेली होती. दुपारी ये, एवढंच म्हणाली होती. वेळ विचारायला मीच विसरलो.

पोचलो तेव्हा ती खिडकीतून बाहेर येत होती. तोंडभर चिखल. दुसरी आली होती. वीबेने तिला उचलून घेतलं. इथली पद्धत असेल. मी पण हात पुढे केला. तिचे दोन्ही हात चिखलाचे होते म्हणून तिने मिळवला नाही.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

पुण्याहून एचआरच्या शर्मिलाचा फोन. युरोपात माझ्यासाठी प्रोजेक्ट नाही. ऑक्टोबरअखेर परत या. हिंजवडीला जागा बघतो, म्हणाली. 'बघतो' हे तिने दोनदा म्हटलं.

उल्काला सांगितलं. ती लॅपटॉप बंद करून समोर येऊन बसली. तिने आधीच सगळा विचार केला होता. ईशानीची शाळा चांगली चाललीय. तिची नोकरी चांगली चाललीय. मी तिच्या परमिटवर राहू शकतो, म्हणाली. चार-सहा महिन्यांत काहीतरी मिळेलच. ती चांगल्याच सुरात बोलत होती, ते मी लिहायला हवं.

तिच्या परमिटवर म्हणजे डिपेंडंट. गेमेंटच्या खिडकीवर मला विचारणार, काय करता? आणि मी बायकोकडे बोट दाखवणार.

मी म्हटलं, सीझनची शेवटची रेस बावीस ऑक्टोबरला. त्यात पिवळं मिळालं तर राहतो. नाही मिळालं तर जातो. एकटा.

 याचा त्याच्याशी काय संबंध, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आहे. मग ती म्हणाली, हं.

मला तिने फक्त एकदा मान वर करून बघायला हवंय. लग्न झालं तेव्हा बघायची तसं. तेव्हा मी प्रोजेक्ट लीड होतो. बाकी त्या पिवळ्या रंगात काही नाही, हे मलाही कळतं.

८ ऑक्टोबर, रविवार

उल्का लाल. ट्रॅकवर लाल छप्पर मिळालेली या वर्षातली एकटीच. शेवटच्या रांगेत उभी राहिली तेव्हा लोक उठून उभे राहिले. मी पुढच्या रांगेतून आरशात बघत होतो. आरसा थरथरतो, त्यामुळे नीट दिसलं नाही.

मी अकरावा!!! अकरावा! एक नंबर! मी दरवेळी सुधारतोय. आलेख काढला तर सरळ वर जातो. पुढच्या रेसला दहावा येणार हे गणित आहे. गणितात मी कधीच कच्चा नव्हतो.

उल्काला म्हटलं, अकरावा. ती फोनवर होती. तिने अंगठा वर केला.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

तिकीट बुक केलं आहे, अठ्ठावीसचं. पण कॅन्सल करता येतं असं घेतलंय. कॅन्सलच होणार आहे. शर्मिलाला काय कळवायचं त्याचा मजकूर मनात तयार आहे. आईला मात्र अजून काही सांगितलं नाही. तिच्या लेखी मी पहिल्या रांगेतच आहे.

२१ ऑक्टोबर, शनिवार. लक्ष्मीपूजन

पूजा झाली. उल्काने चकल्या केल्या, नोकरी सांभाळून. थोड्या मऊ पडल्या, पण मी छान म्हटलं. ती म्हणाली, उद्या सांभाळून चालव. म्हणजे तिच्या लक्षात आहे. तिलाही मी राहायला हवाय.

रात्रीचा भात नाही घेतला. खरंच नाही घेतला.

२२ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळ

जसं झालं तसं लिहितो.

पाऊस होता. पहिल्याच फेरीत बऱ्याच गाड्या एकमेकांत अडकून बंद पडल्या. उल्काचं चाक पंक्चर झालं, ती पिटमध्ये, दुरुस्तीच्या जागी गेली आणि बऱ्याच फेऱ्या मागे पडली. मी बाजूने हळूहळू जात राहिलो. उजवीकडून कोणी आलं तरी थांबलो नाही. एकेक गाडी बंद पडत गेली आणि मी चालतच राहिलो. वीबेचा मुलगा कडेला बोर्ड धरून उभा असतो, त्यावर माझ्या नंबराच्या पुढे दहा लिहिलं होतं. मी स्वतः वाचलं.

दहावा होतो. शेवटची फेरी. शेवटचं वळण.

मागून गाडी आली. आरशात लाल छप्पर दिसलं. मला इतका आनंद झाला. मला वाटलं, आता ती मागे राहील. नुसती मागे राहिली असती तरी चाललं असतं. फार तर हलका धक्का देईल, पुढे ढकलायला.

तिने मला टायरच्या भिंतीत घातलं. पूर्ण जोराने, बरोबर मागच्या चाकावर, शिकवतात तसं. गाडी फिरली आणि तोंड उलटं करून थांबली. ती पुढे गेली. शेवटची रेषा न ओलांडणाऱ्याला नंबर नाही. ती दहावी.

खिडकीतून बाहेर यायला मला वेळ लागला. मदतीला आलेल्या माणसांनी विचारलं, ठीक आहेस का? मी म्हटलं, हो, हो.

 येताना ईशानी गाडीत झोपली होती. मला वाटलं, उल्काने ठरवून केलं. मी जावं असं तिने ठरवलं आणि असं सांगितलं. राग आला. पण रागातसुद्धा एक बरं वाटत होतं, की निदान माझ्याबद्दल तिने काहीतरी ठरवलं.

२३ ऑक्टोबर, सोमवार. पाडवा

सकाळी उल्काने ऑफिसला जायच्या आधी ओवाळलं. ताम्हनात सुपारी, अंगठी, सगळं नीट. मी पाटावर. ओवाळणीत तिला ड्रायव्हिंगचे हातमोजे दिले. तिला आवडले. लगेच घालून बघितले.

मग मी विचारलंच. शेवटच्या वळणावर मला का मारलंस?

ती निरांजन हातात घेऊन तशीच उभी राहिली. तो तू होतास? असं म्हणाली. खरंच तिला माहीत नव्हतं. खोटं बोलताना ती कशी दिसते ते मला माहीत आहे, ती तशी दिसत नव्हती. पांढरं छप्पर दिसलं, म्हणाली, मला वाटलं कोणीतरी नवीन असेल. मग मी आधीच्या सगळ्या धक्क्यांबद्दल विचारलं, जुलैपासूनच्या. ती आठवायला लागली. प्रामाणिकपणे आठवत होती. तिला एकही आठवेना.

तिचे डोळे भरून आले. म्हणाली, सॉरी रे, मला कळलंच नाही.

मी म्हटलं, असू दे, केवढी गर्दी होती.

त्या वळणावर आम्ही दोघंच होतो.